थोरल्याची सहा अक्षरं

दुकानांच्या पाट्यांवर जी मोठाली इंग्रजी अक्षरं असतात ना, ती आमच्या शेडमध्ये बनतात. पत्र्याची, आतून पोकळ, हातभर उंच, वरून पितळी मुलामा. अर्धं गाव रोज आमच्या अक्षरांखालून ये-जा करतं आणि ती कुणी केली हे एकाच्याही डोक्यात येत नाही. चालायचंच. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी शब्द मला वाचता येत नाही, पण अक्षरं मी जन्मभर घासली आहेत. कुठल्याची कड बोट कापते आणि कुठल्याच्या पोटात मळ साठतो, ते मला विचारा. शब्द वाचणं हे गिऱ्हाइकाचं काम.

आमचे हे जाऊन पुष्कळ काळ लोटला, पण त्यांनी घालून दिलेली रीत आम्ही मोडलेली नाही. एखादं दुकान बंद पडलं की त्याची अक्षरं उतरवून परत आणायची. दुकानदार हयात असेल तर ती ओळीने भिंतीवर, खिळ्यांना. काय सांगावं, माणूस उद्या पुन्हा उभा राहील, तेव्हा त्याची पाटी त्याला मिळाली पाहिजे. दुकानदार वारला असेल तर मात्र अक्षरं मागच्या खणांत. ए मध्ये ए, बी मध्ये बी, सगळी एकत्र. मग नवं गिऱ्हाईक येतं, माझा धाकटा मोबाइलमध्ये खणांतली अक्षरं टाकतो, आणि एवढ्यातून कुठकुठले शब्द निघतात ते मोबाइल सांगतो. पूर्वी हेच काम आमचे हे जमिनीवर अक्षरं मांडून, दुपार-दुपार डोकं खाजवत करायचे. एकदा एका चष्मेवाल्याला त्यांनी असा काही शब्द काढून दिला की त्याचा अर्थ आंधळा निघाला. चष्मेवाला चष्मा लावून भांडायला आला होता.

भिंतीवर बाकी ओळी येतात-जातात. एक ओळ मात्र कधी हलली नाही. बी, आर, ई, ए, डी, एस. ब्रेड्स. माझ्या थोरल्याची.

थोरला पाव भाजायचा. गल्लीच्या टोकाला त्याची बेकरी होती. एका सकाळी भट्टी पेटलेली, मोठ्या परातीत पीठ फुगायला ठेवलेलं, आणि हा शेजारच्याला "आलोच" म्हणून बाहेर पडला. भांडण नाही, आजार नाही, कुणाशी वैर नाही. आम्हाला बोलावणं आलं तेव्हा पीठ फुगून परातीच्या काठावरून ओट्यावर उतरलं होतं. दवाखाने झाले, पोलीस झाले, नदीकाठ झाला. जिवंतही सापडला नाही आणि दुसऱ्या रीतीनेही नाही. त्याची मुलगी तेव्हा सुनेच्या कडेवर होती.

बेकरी पुढे दुसऱ्याने घेतली. अक्षरं मी स्वतः शिडीवर चढून उतरवली आणि आणून भिंतीवर लावली. खणात नाही, भिंतीवर. ज्याला जे समजायचं ते समजलं. तो गेला असं या घरात कुणी म्हणायचं नाही, हे मी एकदाच सांगितलं. माझं एकदा सांगणं पुरतं. सुनेने त्यावर ना हो म्हटलं ना नाही. ती अक्षरांना पॉलिश करते, मान खाली घालून. बोलली तर समजावं की काहीतरी जळतंय.

मुलगी मोठी झाली. ठिणगी हे नाव मीच पाडलं तिला. पत्र्याला डाग देऊन जोडताना उडते तशी, जाईल तिथे भोक पाडणारी. रंगरूप आईचं, तोंड माझं. तिने केस कापायचं शिक्षण घेतलं, इथवर ठीक होतं. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "आजी, मी दुकान बघितलं. पुरुषांचं. केस आणि दाढी."

मी घास खाली ठेवला. "पुरुषांच्या दाढ्या तू करणार?"

"मग काय त्यांच्या आया करणार?"

धाकट्याला ठसका लागला. सून ताटाकडेच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"वस्तरा घेऊन परक्या माणसाच्या गळ्याशी उभी राहणार?"

"हो. आणि तो हूं का चूं न करता बसणार. आजी, तुला तर हा धंदा आधीच सुचायला हवा होता."

आता हसू दाबणं मलाही कठीण गेलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पाटीला मला बाबांची अक्षरं हवीत."

मग कुणीच जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकाला घेऊन शेडमध्ये भिंतीसमोर उभी राहिली. मी कानस चालवत होते, ती चालवतच राहिले. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

"बी, आर, ई, ए, डी, एस," धाकट्याने मोबाइलमध्ये टाकलं. "चल, निवड. बेड्स."

"म्हणजे गाद्या विकू?"

"बीड्स. मणी."

"पुढे."

"बेअर्स. अस्वलं."

"त्यांची दाढी करायला जन्म जाईल. पुढे."

"रीड. डिअर. सॅड."

"सॅड म्हणजे काय रे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुःखी," मागून सून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कुणास ठाऊक.

"ते नको," धाकटा घाईने म्हणाला, आणि तिथेच थांबला. मोबाइल त्याने पुतणीच्या हातात दिला. "हे तूच वाच."

ठिणगीने वाचलं आणि तिचा चेहरा असा काही झाला की माझी कानस थांबली. "बिअर्ड," ती म्हणाली. "आजी, दाढी! बाबांच्या अक्षरांत दाढी आहे. हा आर बीच्या शेजारून काढून पलीकडे न्यायचा, डीच्या आधी. बस. एकच अक्षर उचलायचंय. आणि शेवटचा एस उरतो."

"माझ्या मुलाच्या पावाला दाढी फुटलीय म्हणे," मी म्हटलं. "नवी करून देते. आत्ता पत्रा कापायला घेते. हात लावायचा नाही त्यांना."

"नवी नकोत."

"तो उद्या आला आणि माझी पाटी कुठे आहे म्हणाला, तर काय सांगू?"

"सांग, तुझ्या मुलीने घेतली. कोर्टात जाणार आहेत का?" मग ती जवळ आली. ही पोर जवळ आली की मला भीती वाटते, कारण मग ती ओरडत नाही. "आजी, मला त्यांचं काहीच आठवत नाही. आवाज नाही. चेहरा फोटोतला. ही अक्षरं ते रोज शटर उघडताना बघायचे. मला पण रोज शटर उघडताना तीच बघायचीत."

मी कानस खाली ठेवली.

मी एक अट घातली. सोमवारी दुकान उघडायचं आहे ना, तोवर अक्षरं नव्या क्रमाने इथेच भिंतीवर राहतील. माझ्या डोळ्यांना सवय होऊ दे. सोमवारी सकाळी घेऊन जा. ठिणगीने मला असं आवळलं की हाडं वाजली. तिनेच स्टुलावर चढून आर काढला, ई आणि ए सरकवले, आर डीच्या अलीकडे लावला. एस बाजूला एका वेगळ्या खिळ्याला. मी बघितलं. दात काढून घेतलेल्या ओळखीच्या माणसासारखी दिसत होती ती ओळ.

आम्ही शेडच्या वरच राहतो. रात्री शेडला कुलूप मी लावते आणि किल्ली माझ्या उशाखाली असते. सकाळी उघडते मीच. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर आर बीच्या शेजारी आणि एस शेवटी. ब्रेड्स. जणू कुणी हात लावलाच नव्हता.

मी तिथेच उभी होते, तोच माझ्यामागून धाकटा आला. त्याने भिंत बघितली, मग मला बघितलं.

"आई, नको होतं तर सरळ सांगायचं."

"मी सरळच सांगते. आडून सांगायची सवय असती तर तुमचे सगळ्यांचे जन्म सुखात गेले असते."

"मग काय अक्षरं पाय फुटून गेली?"

"तुला विचारायला हवं. काल तूच होतास ना मोबाइल नाचवत."

ठिणगीने आर पुन्हा उचलून पलीकडे लावला. पण माझ्याकडे बघितलं नाही.

मला संशय सुनेचा आला. दुपारी ती पॉलिशचा फडका चालवत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसले. "खरं सांग. तू केलंस?"

"मी?" ती म्हणाली. "आई, मी त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाही."

"का गं?"

"तुम्ही बघता की. एकीने बघितलं तरी पुरे झालं." आणि फडका चालवत राहिली. सुनेने मला असं ऐकवलं आणि मी ऐकून घेतलं, हे बाहेर कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

त्यापुढच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली उतरले. कुलूप जसंच्या तसं. आत आर पुन्हा बीच्या शेजारी. या वेळी मी जवळ गेले. आरच्या पोटाच्या पोकळीत, आतल्या कडेला, पांढरं काहीतरी लागलं होतं. बोटांचे ठसे. वरून चार, खालून अंगठा, परातीची कड धरतात तशी पकड. हात लावला तर मऊ. पीठ. वास घेतला. शेडमध्ये तेजाबाचा वास असतो, घासलेल्या लोखंडाचा असतो. हा आंबटसर वास होता, भिजवलेल्या, फुगत असलेल्या कच्च्या पिठाचा. असा वास या घरात त्या सकाळनंतर आलेला नाही. सुनेने त्यानंतर घरात पीठ कधी फुगवलंच नाही.

मी बाहीने ठसे पुसून टाकले. एकही ठेवला नाही.

का पुसले, ते सांगते. आपला मुलगा आला म्हटल्यावर कुठली आई धावत सुटणार नाही? पण कुलूप न उघडता जो आत येतो, ज्याच्या हाताला इतक्या वर्षांनीही त्याच सकाळचं ओलं पीठ असतं, तो हयात नसतो. हे समजायला चौथीपर्यंतची शाळा पुष्कळ झाली. मी त्याला सगळ्यांशी भांडून जिवंत ठेवला होता, आणि हा स्वतःच येऊन मला खोटं पाडत होता.

त्या दिवशी ठिणगी खाली आली ती कमरेवर हात ठेवूनच. "आजी, किल्ली तुझ्याकडे असते. आपल्या शेडला दुसरी वाट नाही. मी रागावणार नाही. फक्त एकदा सांग, तू केलंस का?"

धाकटा जिन्यात उभा होता, सून त्याच्या मागे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं असतं, तर मग कुणी केलं हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं की संपलं.

"हो," मी म्हटलं. "मीच केलं."

ठिणगीने मान हलवली. मला वाटलं होतं ओरडेल, फणकारेल, आम्ही दोघी तासभर भांडू आणि मग चहा पिऊ. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं तू नाही म्हणशील." आणि वर निघून गेली.

दुपारपर्यंत कळलं की तिने दुसरीकडून प्लास्टिकची अक्षरं मागवली. माझ्या घरातल्या मुलीच्या दुकानावर प्लास्टिक! आत दिवे पेटतात म्हणे त्यांच्या, जत्रेतल्या पाळण्यासारखे. वर गेले तर ती बॅग भरत होती. दुकानाच्या मागे एक खोली आहे, तिथे राहणार.

"एवढ्यातेवढ्यावरून घर सोडतात का?" मी म्हटलं.

"एवढंतेवढं नाही, आजी. तू मला तोंडावर हो म्हणालीस, मिठी मारू दिलीस, आणि पाठीमागून अक्षरं परत फिरवलीस. उद्या दुकानाला अडचण आली तरी मला वाटेल, आजीनेच काहीतरी केलं असेल. असं वाटत राहून कसं राहू इथे?"

"मला तू परकी वाटतेस का?"

"तुला बाबांशिवाय सगळेच परके आहेत." बॅगेची चेन तिने ओढली. "आई तर केव्हापासून."

सून दारात होती. कुणीतरी तिच्यासाठी बोलल्यावर माणसं जशी खाली बघतात, तशी बघत होती.

मी जिना उतरले. कुणी नव्हतं खाली. भिंतीवर ब्रेड्स तसंच. एकाला धरायचं तर दुसरी सुटत होती, आणि जी सुटत होती तिच्या अंगात रक्त वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला वर गेले. मला भूक नाही म्हणून सांगितलं. आर मी स्वतः काढून डीच्या अलीकडे लावला, एस बाजूला टांगला आणि समोर स्टूल ओढून बसले. दार उघडं होतं, रस्त्यावर ऊन होतं, कुणीतरी हातगाडी ढकलत चाललं होतं. भुताखेतांची वेळ नव्हती.

"ये," मी म्हटलं. "माझ्यासमोर कर काय करायचं ते."

बराच वेळ काही झालं नाही. मग तो वास आला. आधी थोडा, मग असा दाट की तोंडात चव यावी. आणि दाराशी आवाज झाला. थप, थप. दोन्ही तळहात एकमेकांवर आपटल्याचा. बेकरीतून घरी आला की थोरला दाराबाहेर असे हात झाडायचा, कारण पिठाचे हात घेऊन आत आलास तर परत पाठवीन, असा मी त्याला दम दिला होता. दारात कुणी नव्हतं. ऊन सरळ आत येत होतं, कुणाची सावली न पडता.

"आईचा दम अजून लक्षात आहे," मी म्हटलं. "घरी यायचं तेवढं विसरलास."

आर खिळ्यावर हलला. पत्रा भिंतीला लागून किणकिणला. मी उठले आणि दोन्ही हातांनी तो धरला. पोकळ पत्रा तो, एका बोटावर तोलता येईल असा. पण दुसऱ्या बाजूने कुणी धरून ठेवावं तसा तो जड लागला. ओढत नव्हता कुणी. नुसतं धरलं होतं.

मग मला राग आला. देवाशपथ, भीती नाही, रागच आला.

"कुठे होतास इतकी वर्षं? हं? तुझ्या मागे तुझी बायको मान खाली घालून म्हातारी व्हायला आली. तुझी पोर शाळेत बापाचा रकाना बघून घरी येऊन रडायची आणि मी सांगायचे, येईल, येईल. धाकट्याचं लग्न ठरता ठरता मोडलं, कारण लोक विचारायचे थोरला कुठे आहे, आणि तुझ्या आईचं उत्तर एकच. कुणासाठी केलं मी हे? आणि तू येऊन करतोस काय, तर पोरीची पाटी उलटवतोस!"

वास तसाच होता. माझ्या बोटांखाली पत्र्यावर ओलसर काहीतरी लागत होतं.

"तुला वाटतं मी तुझी जागा राखून ठेवलीय, म्हणून तुला यावंच लागतं. हो ना?" हे म्हणताना माझा आवाज खाली आला. "मीच बोलावत होते ना रे? रोज या ओळीकडे बघून? थकलास असशील."

आर जरासा थरथरला. लहान असताना ताप आला की त्याचा हात असाच थरथरायचा माझ्या हातात.

"ती तुझीच पोर आहे," मी म्हटलं. "माणसांच्या गळ्याशी वस्तरा धरणार आहे, आणि घाबरत नाही. तुला बघायला मिळालं असतं तर हसला असतास. तिला हे अक्षर हवंय. सोड."

सोडलं नाही. मला माहीत होतं, अजून एक शब्द बाकी आहे. तो मी इतकी वर्षं घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता. ओठांना त्याची सवयच नव्हती.

"तू गेलास," मी म्हटलं. "तू गेलास रे, बाळा. मला कळलं. सोड आता."

आणि आर हलका झाला. इतका एकदम, की मी मागे तोल जाऊन स्टुलावर आपटले, अक्षर मांडीवर घेऊन. वास विरत गेला, आणि मग नुसता तेजाबाचा वास राहिला. किती वेळ बसले होते, कळलं नाही. उठून आर डीच्या अलीकडे लावला. हात पांढरे झाले होते. या वेळी पुसले नाहीत.

तशीच जिना चढले. जेवणं झाली होती. ठिणगी बॅगेपाशी, धाकटा हात धूत होता, सून भांडी गोळा करत होती. मी माझे हात पुढे केले.

"मी केलं नव्हतं," मी म्हटलं. "खोटं बोलले. थोरला येत होता."

धाकटा म्हणाला, "आई, बस जरा. पाणी देऊ?"

"पाणी पी तू. माझं डोकं ठिकाणावर आहे." मग मी सुनेकडे वळले. हे तिला सांगायचं होतं, बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं. "तो गेला गं. त्याच दिवशी गेला असणार. मी तुला म्हणू दिलं नाही."

सुनेने भांडी खाली ठेवली. ती माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"दिसला?" तिने विचारलं.

"नाही. दाराशी हात झाडले त्याने. मग नुसता वास."

"कसला? भाजलेल्या पावाचा?"

"नाही. कच्चा. फुगत असतो तसा."

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. ती हसलीही आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. "म्हणजे ते अजून त्याच सकाळी आहेत," ती म्हणाली. "मला वाटायचं, आम्हाला टाकून दुसरीकडे कुठेतरी सुखात राहत असतील. रोज वाटायचं, आई. तुम्ही म्हणायचात ते जिवंत आहेत, आणि मला वाटायचं, जिवंत असतील तर मग का येत नाहीत?"

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी तिला नवरा राखून दिला असं समजत होते, आणि ती त्या जिवंत माणसाखाली चिरडली जात होती. माझ्यासारखीने काही बोलायचं नाही अशी ती वेळ होती, आणि देवाने तेवढी अक्कल दिली.

ठिणगीने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. विश्वास बसला की नाही, मी विचारलं नाही. बॅगेची चेन तिने हळूच उघडली आणि वरचा एक टॉवेल काढून मला दिला.

"हात पूस आजी," ती म्हणाली. "नाहीतर नको पुसूस. तुला हवं तसं."

"प्लास्टिकवाल्याला सांग नको म्हणून," मी म्हटलं. "आत दिवे लावतो, मेला."

"सांगते."

सोमवारी सकाळी मी कुलूप उघडलं. मला काय हवं होतं, ते मलाच सांगता आलं नसतं. भिंतीवर बी, ई, ए, आर, डी. एस बाजूला. जिथल्या तिथे. मी दारातच उभी राहिले. कुणीतरी आर हलवला असता तर मी शिव्या घातल्या असत्या, आणि तो हलला नव्हता तर मला तिथे उभं राहवेना.

धाकट्याने अक्षरं उतरवून कापडात गुंडाळली. सुनेने उरलेला एस उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी मागच्या खणांकडे मान केली. आम्ही दोघी गेलो. तिने एसच्या खणाचं दार उघडलं, आत इतर एस होते, कुणाकुणाचे, कुठल्या कुठल्या माणसांचे. तिने थोरल्याचा एस त्यांच्यात ठेवला. पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज आला. दार तिनेच लावलं.

ठिणगीचं दुकान चालतंय. पहिल्या दिवशी एक म्हातारा येऊन बसला, गळा पुढे करून डोळे मिटले, आणि ती म्हणते तसंच झालं, हूं का चूं केलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडून बघितलं. आत गेले नाही, लोक काय म्हणतील. तिची शिस्त बघायला गेले होते, बाकी काही नाही.

परवा एक फुलवाला आला. त्याच्या नावात एस होता. धाकट्याने खणात हात घातला आणि मला हाक मारली. "आई, कुठला देऊ?"

"कुठलाही," मी म्हटलं.

वरचा होता तो त्याने काढला आणि घासायला माझ्यापुढे ठेवला. मी कानस उचलली. कडा घासण्याआधी आतल्या पोकळीत बोट फिरवून बघितलं, अगदी शेवटच्या वळणापर्यंत.

नुसती धूळ होती.